आमची नेमणूक कुठल्या कागदावर आहे? बार कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व सदस्य,
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई.

सविनय नमस्कार.

मुंबईतल्या एका लॉ फर्ममध्ये मी लिटिगेशन असोसिएट, म्हणजे कोर्टातल्या दाव्यांचं काम पाहणारी ज्युनिअर वकील, म्हणून ३७ महिने काम केलं. याचा माझ्याकडे एकच धड कागद आहे आणि तो आयकर खात्याचा आहे. फॉर्म २६एएस. कोणी, कधी, किती पैसे दिले आणि त्यातून किती कर कापला, एवढंच त्यात असतं. फर्मचं नेमणूकपत्र नाही, पैसे दिल्याची चिठ्ठी नाही, सोडताना मिळतं तसलं पत्रही नाही. या २६एएसमध्ये फर्मच्या नावापुढे ३५ नोंदी आहेत. महिने ३७, नोंदी ३५. उरलेल्या दोनांचं काय झालं ते पुढे सांगते.

फर्मचं नाव मी लिहिणार नाही. कुणाचा सूड उगवायला हे पत्र लिहीत नाहीये, आणि फोर्टातल्या निम्म्या ज्युनिअरांना ही आपल्याच ऑफिसची गोष्ट वाटेल याची मला खात्री आहे.

मी मिरजेची. वडील रेल्वेत होते, घराण्यात वकील कुणी नाही. सांगलीला एलएल.बी. केलं आणि २०२१ मध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली. तेव्हा सनदेला भरलेली रक्कम ७५० रुपयांच्या कित्येक पट होती. ७५० एवढ्यासाठी म्हणते, की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वकील कायद्याच्या २४व्या कलमात जेवढे लिहिलेत तेवढेच घ्या : सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५. निकाल पुढच्यांसाठी होता. आधी घेतलेले परत करायची गरज नाही, असंही त्यातच लिहिलंय. असो. ते पैसे गेले म्हणून मी पत्र लिहीत नाहीये.

कॉलेजातल्या एका सिनिअर ताईने व्हॉट्सअॅपवर निरोप दिला, मी मुंबईला गेले. मुलाखत दहा-बारा मिनिटांची. भागीदार साहेबांनी बायोडाटा उलटा-सुलटा केला, सांगलीत पाऊस कसा आहे विचारलं आणि म्हणाले, "पंधरा देऊ. सहा महिन्यांनी बघू. सोमवारपासून या." झाली नेमणूक. यातलं एक अक्षरही कुठे उमटलं नाही. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. उच्च न्यायालयासमोरच्या गल्लीत ऑफिस, काळा कोट, गळ्यात बँड. कागद कुणाला सुचतोय?

पहिल्या महिन्याला खात्यात १३,५०० आले. मी अकाउंट्सच्या बाईंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "दहा टक्के टीडीएस. तुम्ही स्टाफ नाही ना, तुम्ही प्रोफेशनल." हे मला नवीन होतं. आपल्या सर्वांना ठाऊकच आहे, पण वकील नसलेले वाचणारे असतील म्हणून लिहिते : बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. म्हणून फर्म आम्हाला पगार देत नाही, 'रिटेनर', म्हणजे ठरलेली मासिक फी, देते. आम्ही कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक. म्हणून पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, हक्काची रजा नाही, बाळंतपणाची तर नाहीच. या स्वतंत्र व्यावसायिकाने सकाळी साडेनऊला हजर राहायचं, रात्री साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही आणि स्वतःची एकही केस घ्यायची नाही. नियम वकिलाचं स्वातंत्र्य राखायला केला होता म्हणतात. आमच्या वाट्याला त्यातली बंधनं तेवढी आली.

डोंबिवलीला चौघींत एक खोली होती. खोलीचे, डब्याचे आणि लोकलच्या पासचे पैसे गेले की महिन्याच्या वीस तारखेला मी मिरजेला फोन करायचे. बाबा काही विचारायचे नाहीत, नुसतं "पाठवतो" म्हणायचे. तो एक शब्द ऐकायला मला फार जड जायचं.

आता काम काय होतं ते सांगते, कारण 'ज्युनिअर नुसते तारखा घेतात' हे मी बार रूममध्ये फार वेळा ऐकलंय.

आमच्याकडे एक कमर्शियल दावा होता. आमचा पक्षकार प्रतिवादी, भिवंडीला मानकोलीजवळ त्यांची गोदामं. अशा दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं उत्तर, द्यायची, आणि न्यायालयाने सवलत दिली तरी १२० दिवसांच्या पुढे एक दिवससुद्धा नाही. १२१व्या दिवशी तो हक्कच जातो, मग पक्षकार कितीही खरा असो. मी लागले त्याच आठवड्यात आमच्या क्लार्क काकांनी सांगितलं होतं, "मॅडम, सर्व्हिसची, समन्स बजावल्याची, तारीख लाल पेनाने लिहा. बाकी सगळं पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल." कायद्याच्या पुस्तकांनी मला जे शिकवलं त्यापेक्षा या माणसाने जास्त शिकवलं. कुठल्या खिडकीला कोणते कागद जातात, कोर्टाच्या कार्यालयाने घेतलेलं ऑब्जेक्शन कसं दूर करायचं, वकालतनाम्यावर वकील कल्याण निधीचा वेल्फेअर स्टँप लावायला विसरलं तर दिवस कसा फुकट जातो, सगळं त्यांनीच.

तर त्या दाव्याचा ११९वा दिवस. मसुदा मी तीन आठवड्यांपूर्वीच दिला होता. तो साहेबांच्या टेबलावर होता, मग काउन्सिलच्या, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलांच्या, चेंबरमध्ये होता, मग परत साहेबांच्या टेबलावर. दुपारी दोनला लाल शाईच्या दुरुस्त्या होऊन माझ्या हातात आला. ४६ पानं, शिवाय जोडपत्रं. त्यावर पक्षकाराची सत्यतेच्या प्रतिज्ञेवर सही हवी, नोटरी हवी, आणि पक्षकार म्हणे गोदामातून हलू शकत नाही, माल उतरतोय. दुरुस्त्या टाइप करून, प्रिंट काढून मी पावणेपाचला निघाले. ठाण्यापर्यंत लोकल, पुढे रिक्षा. जुलै महिना. गठ्ठा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पोटाशी धरला होता, मी भिजले तर चालणार होतं. गोदामात पोचले तेव्हा सात वाजले होते. पक्षकारांनी बोलावलेले नोटरी साहेब एका खोक्यावर बसून चहा पीत होते. पानापानावर सह्या, शिक्के, नोंदवहीत सही. शेवटून तिसऱ्या पानावर पक्षकार थबकले आणि म्हणाले, "हे चुकलंय. भाडं मार्चपासून थकलंय, इथे मे लिहिलंय."

बरोबर होतं. लाल शाईच्या दुरुस्तीत मार्चचा मे झाला होता, आणि टाइप करताना मीही तो मेच ठेवला होता. तिथेच पेनाने दुरुस्त केलं, बाजूला आद्याक्षरं घेतली, नोटरींचा छोटा शिक्का घेतला. रात्री साडेअकराला डोंबिवली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२०व्या दिवशी, काकांनी आणि मी मिळून कैफियत दाखल केली. लॉजिंग नंबर, म्हणजे कागद दाखल झाल्याचा क्रमांक, हातात आला तेव्हा काकांनी मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

पुढच्या मीटिंगमध्ये पक्षकारांनी मार्च-मेचा विषय काढला. भागीदार साहेब हसून म्हणाले, "ज्युनिअर्सकडून होतं असं." मी तिथेच, त्यांच्या खुर्चीमागे, फाईल धरून उभी होते. चुकीतला अर्धा वाटा माझा होता हे मला मान्य आहे. उरलेला अर्धा कुणाचा, ते त्या लाल शाईच्या प्रतीवर आजही दिसेल.

त्याच दाव्याचं बिल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहून ठेवायची पद्धत. मी माझीही लिहायचे : मसुदा, संशोधन, भिवंडीला जाणं-येणं. बिल जोडताना पहिल्यांदाच दर पाहिला. 'असोसिएट, ताशी ४,००० रुपये.' भिवंडीची ती एक संध्याकाळ पक्षकाराला माझ्या महिन्याच्या रिटेनरपेक्षा महाग पडली होती. मी ते बिल पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि कुरिअरवाल्याला दिलं. फर्मला ऑफिसचं भाडं असतं, लायब्ररी असते, बिलं थकतात, सगळं समजतं. तरीही तो आकडा डोक्यातून जायला फार दिवस लागले.

तरी मी टिकले, कारण कामात गोडी होती. एकदा आमचे काउन्सिल दुसऱ्या कोर्टात अडकले आणि साहेबांनी मला 'कीप बॅक' मागायला, म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने घ्या अशी विनंती करायला, उभं केलं. तीन शब्द बोलायचे होते. न्यायमूर्तींनी वर पाहून विचारलं, रिजॉइंडर (प्रत्युत्तर) बजावलाय का, कधी? तो मीच हातोहात दिला होता. तारीख सांगितली, पोच दाखवली, प्रकरण तासाभराने घेतलं. आदेशात माझं नाव आलं, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, पण आलं. (मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, न्यायमूर्तींसमोर खाली बसणाऱ्या कोर्ट अधिकाऱ्यालाही असोसिएट म्हणतात. आईला मी फोनवर "असोसिएटने माझं नाव लिहून घेतलं" असं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तूच तुझं लिहिलंस?") पुढच्या बहुतेक आदेशांत काउन्सिलचं नाव आणि 'आय/बी' (यांच्या सूचनेवरून) करून फर्मचं नाव. मधलं कुणी नाही.

आता ते दोन महिने. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी सोडत असल्याचं सांगितलं. महिनाभर थांबते म्हणाले, थांबले, सगळ्या फाईलींच्या नोंदी करून दिल्या. शेवटच्या दिवशी कळलं, की "आपली पॉलिसी दोन महिन्यांच्या नोटिशीची आहे", म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचं रिटेनर थांबवलंय. पॉलिसी कुठे लिहिलीय, असं विचारलं. उत्तर आलं, "सगळ्यांना माहिती असतं."

मी वकील आहे. तोंडी करारही करारच असतो हे मला कळतं. वसुलीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत आहे, ती अजून संपलेली नाही हेही कळतं. पण पुढच्या ठिकाणी मुलाखतीला गेले की तिथून इथे फोन येणार हेही कळत होतं. रोज पक्षकाराला बजावायचे, "शेठ, तोंडी काही ठेवू नका, लेखी घ्या", आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत कपाटात काय होतं? बँकेचं पासबुक आणि २६एएस.

मी सोडलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं. शहरात ज्युनिअरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत, निदान तीन वर्षं. सक्ती नाही, शिफारस. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या कौन्सिलला असाच आदेश दिला होता : चेन्नई, मदुराई, कोईमतूरला वीस, बाकी ठिकाणी पंधरा. आपल्याकडे सगळी चर्चा या वीस आणि पंधरावरच झाली. बार रूममध्ये ज्येष्ठ मंडळी म्हणाली, आम्हाला कुणी दिले होते? तालुक्याचे वकील म्हणाले, आमचंच महिन्याचं वीस होत नाही, ज्युनिअरला कुठून देऊ?

तालुक्याच्या वकिलांचं मला पटतं. तासगावात एका टेबलावर बसणारे वकील आणि ताशी दराने बिल लावणारी फर्म यांना एकच फूटपट्टी लावू नये, परिपत्रकातही खऱ्या अडचणीला सवलत आहे. ज्येष्ठांचं मात्र पटत नाही. उपाशी राहून शिकण्याचा विषय निघाला की कुणीतरी बाबासाहेबांचं नाव घेतंच. जुलै १९२३ मध्ये त्यांनी याच उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, सनदेच्या पैशांना नवल भथेना या मित्राने हात दिला, पुढे भागेना म्हणून बाटलीबॉय यांच्या अकाउन्टन्सी संस्थेत मर्कंटाइल लॉ शिकवावा लागला. हे सगळं खरं आहे. पण परदेशात एवढं शिकून आलेल्या बॅरिस्टरला काम का मिळत नव्हतं? अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांना ब्रीफ, म्हणजे खटल्यांचं काम, देत नव्हते. ती या बारची लाजिरवाणी गोष्ट आहे. तिला शिकवण्याची पद्धत म्हणून काय मिरवायचं?

आकड्यांच्या या गलक्यात परिपत्रकातली दुसरी गोष्ट कुणी वाचलीच नाही असं मला वाटतं. रक्कम, मुदत आणि काय शिकवणार, हे लिहून ज्युनिअरला नेमणूकपत्र द्यावं, त्याची एक प्रत राज्य कौन्सिलकडे पाठवावी, दिलेल्या पैशांच्या नोंदी ठेवाव्यात, वर्षाला अहवाल द्यावा, असं त्यात आहे. वीस हजारांपेक्षा मला हे मोठं वाटतं. वीस न देणाऱ्याला शंभर कारणं सांगता येतील. जे देतोय ते कागदावर लिहून द्यायला कुणाला काय अडचण आहे?

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आजपर्यंत महाराष्ट्र आणि गोव्यातून अशा नेमणूकपत्रांच्या किती प्रती आपल्या कार्यालयात दाखल झाल्या? आकडा जाहीर करावा. शून्य असेल तर शून्य. जिल्हावार मिळाला तर फारच उत्तम. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर आणि पणजीत फर्म किती आणि पत्रं किती, हे शेजारी-शेजारी दिसू दे.

कौन्सिलकडे स्टायपेंडला पैसे नाहीत, हे मी ऐकून आहे. मी पैसे मागत नाही. एक नोंदवही मागते, आणि तीत प्रत देण्याची मुभा ज्युनिअरलाही असावी एवढंच मागते. फर्मने पत्र दिलं नाही तर ज्युनिअरने स्वतः लिहून कळवावं : अमुक तारखेपासून, अमुक ठिकाणी, इतक्या रकमेवर. कौन्सिलने त्याची एक प्रत फर्मला पाठवावी आणि ३० दिवसांत हरकत आली नाही तर नोंद पक्की धरावी. आपण रोज कोर्टात हेच करतो : मजकूर समोरच्याला बजावला, त्याने नाकारला नाही, तर मान्य धरला. यात कुणाला शिक्षा नाही, दंड नाही. सोडताना मात्र "सगळ्यांना माहिती असतं" असं म्हणायची सोय राहणार नाही.

आपण मतांवर निवडून येता. निवडणुकीच्या दिवसांत माझ्यासारख्या तीन-चार वर्षांच्या वकिलांच्या फोनवर रोज किती 'सप्रेम विनंती' येऊन पडतात ते पाहण्यासारखं असतं. त्या यादीत आमचे नंबर आहेत. म्हणजे आम्ही कोण, कुठे, हे शोधणं अवघड नसावं.

शेवटी माझं स्वतःचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांना मुंबईची वारी चुकली आणि मी घरी परत आले. आता मिरजेहून जाऊन-येऊन करते. कामं जमतायत, हळूहळू. या महिन्यात माझ्याकडे पहिला ज्युनिअर लागला, इचलकरंजीचा, सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. पहिल्या दिवशी मी त्याला लाल पेन दिला आणि एका पानाचं पत्र दिलं.

त्यात रक्कम १२,००० लिहिली आहे. परिपत्रकापेक्षा कमी आहे, मला कळतं. मला आज तेवढंच झेपतं, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला मिळेल, आठवड्यातून एक दिवस स्वतःच्या कामाला मोकळा राहील, सोडताना एका महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी, वर्षाने रक्कम वाढेल, असं लिहून खाली सही केली आहे. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, यावर मीपण सही करायची?" करायचीच की.

त्या पत्राची प्रत सोबत जोडत आहे. कृपया दाखल करून घ्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी ही विनंती.

आपली,
एक वकील, मिरज

सोबत : नेमणूकपत्राची प्रत, पान १.